ऊर्जा लेखापरीक्षण अहवालास अनावृत पत्र

रा. रा. ऊर्जा लेखापरीक्षण अहवाल,
मुक्काम मेंटेनन्स ऑफिसातलं कपाट, खालचा खण.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, जून 2025मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान 20 ते 28 अंशांच्या मध्ये बांधून टाकण्याचा मनोदय जाहीर केला आणि सरकार आता आमच्या बेडरूममध्ये शिरणार का, यावर देशभर रणकंदन माजलं. दीड टनाच्या घरगुती एसीवर एवढा काथ्याकूट झाला. पण ऐन मे महिन्यात ज्या टॉवरमध्ये कर्मचारी खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकून बसतात, तिथल्या सेंट्रल एसीच्या शेकडो टनांच्या चिलरबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्या चिलरची सगळी कुंडली आपल्याजवळ तक्त्यांसकट छापील आहे. तरी आपल्याला विचारायला कोणी कपाटापाशी फिरकलं नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आपला जन्म मोठ्या थाटात होतो. ऊर्जा संवर्धन कायदा 2001चा. त्याखाली काही बड्या ग्राहकांना आपली सक्ती आहे. बाकीच्यांना हेड ऑफिसचं फर्मान असतं, नाहीतर हरित प्रमाणपत्राची हौस. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला, पण निविदेत सर्वांत कमी दर भरला म्हणूनच निवडला गेलेला ऑडिटर येतो. पॅनेलमधल्या केबलला क्लॅम्प लावतो, थंड पाण्याच्या पाइपवर फ्लो मीटर बांधतो, गच्चीवर कूलिंग टॉवरपाशी उन्हात घाम गाळतो. मग आपण अवतरता: स्पायरल बाइंडिंग, गुळगुळीत मुखपृष्ठ, आत प्रत्येक शिफारशीपुढे तीन रकाने. गुंतवणूक किती, वर्षाची बचत किती, पैसे किती महिन्यांत फिटतील. काही शिफारशींपुढे तर गुंतवणुकीच्या रकान्यात चक्क शून्य असतं. आणि एवढं सगळं झाल्यावर आपली अवस्था देव्हाऱ्यातल्या लाल फडक्यात बांधलेल्या पोथीसारखी होते. हळदकुंकू नियमित, वाचन कधीच नाही. कारण साधं आहे. आपण करून घेतल्याची पावती मागणारे पुष्कळ, आपलं ऐकलं का म्हणून विचारणारा विरळा.

आपली एकच शिफारस घेऊ. थंड हवा मजल्यांवर ढकलणाऱ्या एएचयूच्या पंख्याला व्हीएफडी, म्हणजे वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह बसवा; गरज कमी असेल तेव्हा पंखा हळू फिरेल. पंख्याचं गणित फार दिलदार असतं. त्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग 20 टक्क्यांनी उतरवला की वीज जवळपास निम्म्यावर येते. असा सौदा बाजारात दुसरीकडे मिळत नाही. ही शिफारस कधीकधी मानलीही जाते. ड्राइव्ह येतो, बसतो, वार्षिक अहवालात त्याचा फोटो छापून येतो. मग एका दुपारी सातव्या मजल्यावरच्या साहेबांना उकडतं, फोन खणखणतो आणि ऑपरेटर ड्राइव्ह 50 हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर नेऊन ठेवतो, नाहीतर सरळ बायपासवर टाकतो. पॅनेलवर चिकटपट्टीने कागद लागतो: हात लावू नये. झालं! लाखाचं यंत्र भिंतीला शोभा म्हणून उरतं आणि पंखा पूर्ववत दिवसभर घोंघावतो. त्या ऑपरेटरला मात्र मी बोल लावणार नाही. तो कंत्राटी माणूस. विजेचं बिल त्याच्या नावावर नसतं, उकाड्याची तक्रार मात्र त्याच्याच नावावर लागते. त्याच्या जागी कोणीही हेच करेल.

खरा घोळ इथेच आहे. ज्याच्या हातात बटण आहे त्याला बचतीशी कर्तव्य नाही, ज्याच्या हातात पैसा आहे त्याला बिलाशी नाही. काच बिल्डरची, ऊन मुंबईचं, बिल भाडेकरूचं. मालकाने चिलर बदलला तर फायदा भाडेकरूला. भाडेकरूने बदलावा तर त्याचा करार तीन-पाच वर्षांचा. 2017च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने भिंतीतल्या काचेचं प्रमाण साधारणपणे 40 टक्क्यांवर आणलं, 2022च्या दुरुस्तीने कायद्याचा हात निवासी इमारतींपर्यंत पोहोचवला. उत्तम झालं. पण संहिता मुख्यतः नव्या बांधकामाची. जे काचमहाल आधीच उभे आहेत आणि पुढची चाळीस वर्षं उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी काय? त्यांच्यासाठी आपण. म्हणजे सल्ला.

नुसत्या सल्ल्याने काय होतं, हे न्यूयॉर्कने करून पाहिलं आहे. महापौर मायकल ब्लूमबर्ग यांच्या 2009च्या मूळ प्रस्तावात, ज्या सुधारणांचा खर्च थोड्या वर्षांत बचतीतून फिटतो त्या करणं मालकांना बंधनकारक होतं. मालकांनी हाकाटी केली आणि ते कलम गळालं. उरलं ते असं: 50,000 चौरस फुटांवरच्या इमारतींनी दहा वर्षांतून एकदा ऑडिट करावं, आहे ती यंत्रणा नीट लावून घ्यावी, मोठ्या सुधारणा मात्र मर्जीवर. दहा वर्षांनी, 2019मध्ये, त्याच शहराला 25,000 चौरस फुटांवरच्या इमारतींच्या उत्सर्जनावर थेट मर्यादा घालावी लागली. 2024पासून मर्यादेबाहेरच्या दर टनाला 268 डॉलर दंड. मालक कोर्टात गेले, आरडाओरडा झाला; पण इमारतींच्या व्यवस्थापन समित्या बॉयलरवर डोकं खाजवू लागल्या त्या या दंडाच्या आकड्यामुळे, ऑडिटच्या पानांमुळे नव्हे.

यावर ठरलेला आक्षेप येईल की हे इन्स्पेक्टर राज झालं. मग तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट काय आहे? तिथे ‘सी-1’, म्हणजे अतिधोकादायक, असा शेरा आला की महापालिका नोटीस चिकटवते, इमारत रिकामी करायला लावते. ‘आपला सल्ला कपाटात ठेवला आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. वीज वाया गेल्याने छत कोसळत नाही, हे कबूल. पण मुंबईच्या हवामान कृती आराखड्यातल्या हिशेबानुसार शहराच्या उत्सर्जनात 70 टक्क्यांहून अधिक वाटा इमारतींत नि कारखान्यांत जळणाऱ्या ऊर्जेचा आहे, आणि 2050चं नेट झिरोचं उद्दिष्ट महापालिकेने स्वतःच जाहीर केलं आहे. ते काय घरोघरच्या एलईडी दिव्यांवर गाठणार? दुसरा आक्षेप पैशांचा. त्याचं उत्तर तर आपल्याच तिसऱ्या रकान्यात आहे. भारतात दरडोई वीजवापर मुळात कमी, हा तिसरा; तो ज्यांचा कमी आहे त्यांनी घ्यावा, सेंट्रल एसीच्या लॉबीतून घेऊ नये.

तेव्हा राज्य सरकारला आणि महापालिकांना आपल्या वतीने मागणं एकच. ज्या शिफारशीचे पैसे दोन वर्षांत फिटतात, ती पुढच्या वर्षभरात अमलात आलीच पाहिजे. न आल्यास बुडालेल्या बचतीएवढी रक्कम मालकाच्या मालमत्ता कराच्या बिलात चढवा. आणि तो ड्राइव्ह खरोखर किती हर्ट्झवर चालतो, हे पाहायला सहा महिन्यांनी माणूस पाठवा. एवढी हिंमत नसेल तर ऑडिटची सक्तीही उठवा; निदान त्या ऑडिटरचे गच्चीवरचे दिवस आणि आपला कागद वाचेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वीजग्राहक