हत्तिणीची मर्जी

सेमाडोहहून धारणीच्या रस्त्याने पुढे गेलं की कोलकास लागतं. वनखात्याच्या हत्तिणी तिथे पर्यटकांना पाठीवर घेऊन हिंडतात आणि जानेवारीत रजेवर जातात. सफारी बंद, पायांचं चोपिंग सुरू. जडीबुटीच्या गरम काढ्याने तळवे शेकायचे, भेगा भरून आणायच्या. महावत आधी हाक मारतो, पायाला हात लावतो आणि थांबतो. तिने पाय पुढे केला तर ठीक, नाही तर हा तंबाखू मळत बसतो. ही नम्रता कुठल्या प्रशिक्षणातून आलेली नाही. अडीच-तीन टनांच्या बाईला मर्जीविरुद्ध हलवणार कोण?

वृद्धाश्रमातल्या आजीचं वजन ३८ किलो. सगळा घोटाळा इथेच आहे. तिला उचलायला दोन आयाबाया पुरतात, मर्जी लागत नाही. "चला, आंघोळ!" म्हणेपर्यंत पदर सुटलेला असतो आणि दार सताड उघडं. चहात साखर किती, हे डॉक्टर, सून आणि व्यवस्थापक परस्पर ठरवतात. भरवणारी उभी असली की आजीला मान वर करून घास गिळावा लागतो. तीच स्टूल ओढून शेजारी बसली की त्याच वरणभाताचं जेवण होतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधारांना पुरेल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. स्टूल सांगितलेलं नाही. बरंच झालं म्हणा, नाही तर त्याचीही निविदा निघाली असती.

घाट उतरून परतवाड्याकडे आलं की वझ्झर. शंकरबाबा पापळकरांनी तिथे बेवारस, दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं, बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव लावलं. १८ पूर्ण झाली की मुलाने संस्था सोडावी, हा नियम. या मुलांना जन्मभर इथेच राहू द्या, हे बाबांचं जुनं मागणं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र ते आडनावच मोठं वाटतं. घरच्या माणसाला 'बेड नंबर सात' म्हणता येत नाही. नावाने हाक मारावी लागते, आणि हाक मारली की ओ येईपर्यंत थांबणं आलंच.

"माय, आंघोय आता करतं, का घडीभऱ्यानं?" एवढं विचारायला वेळ लागत नाही. वेळ उत्तराला लागतो, कारण माय आधी पाण्याची तक्रार सांगणार, मग लेकाची. आयाबाईपुढे अजून दहा-बारा आंघोळी असतात आणि रात्रपाळी करून ती तशीच दिवसपाळीला उभी असते. तिला रजेचं विचारा, ती हसते.

"बदली कोन देईन, भाऊ?"