चाकाला बांगडी

"हातात बांगड्या भरल्यात काय?" हा प्रश्न मराठी पुरुषाला चिथावण्यासाठी विचारतात. गेल्या श्रावणात मला तो कुणी विचारला असता, तर प्रामाणिक उत्तर द्यावं लागलं असतं, "नाही हो, म्हणून तर सगळं अडलंय."

त्याचं असं झालं. माझ्या जुन्या स्प्लेंडरचा मागचा टायर माझ्या डोक्यासारखाच गोटा झाला होता. पावसात दोन वळणांवर गाडी मला न विचारता वळली, तेव्हा मी नवा टायर आणि ट्यूब घेऊन पोवई नाक्याजवळच्या अण्णांकडे गेलो. तर शटर खाली, आणि त्यावर खडूनं लिहिलेलं : 'ओणम. गावाला गेलो.' अण्णा केरळातले. ओणमला ते साताऱ्यात थांबतील ही अपेक्षा म्हणजे आपण दिवाळीत ऑफिसला जाण्यासारखं. पण टायर हातात होता, रविवार होता, आणि मोबाइलवर एका तरुणानं हेच काम अकरा मिनिटांत, तेही गाणं लावून, केलेलं मी पाहिलं होतं.

चाक गाडीवरून उतरवेपर्यंत सगळं छान चाललं. सतरा-एकोणीसचा पाना, ब्रेकचा रॉड, चेन, एक्सल. निघालेला प्रत्येक नट मी स्टीलच्या ताटात क्रमानं मांडत गेलो. ताट इतकं सुरेख भरलं होतं, की बायको म्हणाली, "अहो, डावीकडे मीठ राहिलं."

टायर रिमवरून काढायची वेळ आली आणि गाण्याचं कडवं संपलं. मी उड्या मारल्या, टायर हलला नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीच्या साइड स्टँडखाली त्याची कड दाबली, तेव्हा 'फस्स' असा एक तुच्छतादर्शक आवाज करून ती सुटली. तोवर पार्किंगमध्ये माणसं जमली होती. त्यांत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका होते. एसटी 1948 साली पुणे-नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली, तेव्हापासूनचा प्रत्येक टायर आपणच बदलला, अशा थाटात ते खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "जोर कमी पडतोय."

माझ्याकडे टायर उचकटायची टॉमी एकच होती. दुसरीच्या जागी मी स्वयंपाकघरातलं उलथणं आणलं. टॉमीनं कड उचलावी, तिथं उलथणं खुपसावं, पुढे सरकावं, तर मागची कड पुन्हा आत! काका म्हणाले, "जोर." मी जोर लावला. उलथण्याला आयुष्यभर पुरेल असा बाक आला. त्या दिवसापासून आमच्या घरी थालीपीठ उलटताना थोडं तिरकं उभं राहावं लागतं.

दम खायला बसलो तेव्हा जगातल्या पहिल्या टायरवाल्यांची आठवण झाली. 1888 साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले. पण ते टायर चाकाला चिकटवलेले असायचे. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात असा एक पंक्चर टायर आला, तर दुरुस्तीला तीन तास आणि गोंद वाळायला अख्खी रात्र गेली. वैतागून त्यांनी 1891 साली काढता-घालता येणारा टायर आणला. कुणाला काढता-घालता येणारा, एवढंच सांगायचं राहून गेलं.

तेवढ्यात आई खाली आली. तिनं चाक पाहिलं, उलथणं पाहिलं, मग मला पाहिलं.

"माप काय रे याचं?"

टायरवर 2.75-18 लिहिलेलं होतं. "पावणेतीन-अठरा," मी म्हणालो.

"माझं दोन-सहा," आई म्हणाली. "पण कासारणीनं कधी उलथणं नाही आणलं. बांगडी का ताणते? हात लहान करायचा. साबण लाव, अंगठा तळव्यात घाल, एका बाजूनं दाबून धर, की दुसऱ्या बाजूनं आपसूक सरकते."

काका हसले. मी हसलो नाही, कारण रिम माझ्या मांडीवर होती आणि तिच्या मधोमध चांगली खोलगट पन्हळ दिसत होती. इतका वेळ मला वाटत होतं ती शोभेची आहे. टायरच्या दोन्ही कडांत पोलादी तार असते. ती काचेच्या बांगडीइतकीच हट्टी. ताणली म्हणून मोठी होत नाही. पण कडेची एक बाजू गुडघ्यानं त्या पन्हळीत उतरवली, की समोरच्या बाजूला दोन बोटं ढील मिळते. मी बादलीत साबण कालवला. तीस सेकंदांत जुना टायर बाहेर आला. काका म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो, जोर."

नवा टायर चढवताना शेवटच्या वितीला मला पुन्हा पुरुषार्थ आठवला. मी उलथणं घातलं, दाबलं, टायर बसला, टाळ्या पडल्या. पंप मारायला घेतला. शंभर वेळा मारला. टायर पहिल्यासारखाच निवांत. उलथण्यानं नव्या ट्यूबला चिमटा काढला होता.

"फुटली," मी म्हणालो.

"फुटली म्हणू नये," आई म्हणाली. "वाढली म्हणावं."

ट्यूब वाढली. दुसरी आणली. तिच्यात आधी थोडी हवा भरली, म्हणजे ती गोल राहते आणि चिमटीत सापडत नाही. या वेळी उलथणं दूर ठेवलं. फक्त साबण, गुडघे आणि आई. टायर 'टक्' करून बसला. मी कृतार्थ नजरेनं पाहू लागलो आणि काकांनी काठी टेकवली. टायरच्या बाजूला फिरण्याची दिशा दाखवणारा एक बाण असतो. आमचा बाण मागे, कोरेगावकडे, चालला होता.

तिसऱ्यांदा टायर उतरवून चढवायला मला पंचवीस मिनिटं लागली. मोबाइलवरच्या त्या तरुणाच्या मी चौदा मिनिटं जवळ आलो होतो. मधल्या वेळात कुणीतरी जेवायला ताट घेतलं होतं. ताटातले नट मात्र डब्यात क्रमानं ठेवलेले सापडले.

पुढच्या महिन्यात गौरींच्या आधी कासारीण घरी आली. आईनं हात पुढे केला. मावशींनी साबण लावला, अंगठा तळव्यात मुडपला, बोटं जुळवली. मी खुर्ची ओढून अगदी जवळ बसलो. बांगडी पेरापाशी अडली, तसा मी नकळत पुढे झुकलो.

"मावशी, पलीकडची बाजू आधी खाली घ्या. इकडे ढील मिळेल."

कासारणीनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"राहू द्या," आई म्हणाली. "हल्ली तोही याच धंद्यात आहे."