मनातल्या मनात कसे बोलावे

साहित्य : एक कुकर. डाळ-तांदूळ लावून तो गॅसवर चढवा आणि तीन शिट्ट्या मोजायला उभे राहा. पहिली झाली की आतून कुणीतरी 'एक' म्हणेल. त्याला 'एक, एक, एक' असे घोळवत राहू द्या. एवढ्यात बाहेरच्या खोलीतून विचारणा होईल, ''अहो, विजेचं बिल भरलंत का?'' उत्तर द्या. आता शिट्टी होईल, आणि ती दुसरी की तिसरी, हे जगात कुणालाही ठाऊक नसेल.

घरच्यांवर चिडू नका, जागाच अपुरी आहे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तात्पुरत्या स्मरणाचा जो आराखडा मांडला, त्यात शब्द घोळवत ठेवण्यासाठी एक वेगळा कप्पा आहे. साधारण दोन सेकंदांत जेवढे म्हणून होते, तेवढेच त्यात मावते. माणसाला एखादा निरर्थक शब्द सतत पुटपुटायला लावला, की तो कप्पा अडतो आणि लक्षात ठेवलेले सांडून जाते. प्रयोगशाळेत हे मुद्दाम घडवावे लागते.

हिशेब करताना भाषा बदलू नये. वाण्याशी हिंदीत, ऑफिसात इंग्रजीत खुशाल बोला, पण ज्याने 'सात आठे छपन्न' घोकले आहे त्याने हातचा मराठीतच घ्यावा. इंग्रजीत घेऊ गेल्यास तो हाती लागत नाही.

आता अवघड भाग. हा आवाज मुळात तुमचा नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांचे 'विचार आणि भाषा' हे पुस्तक १९३४ मध्ये, ते वारले त्याच वर्षी, निघाले. त्यांचे म्हणणे असे, की मूल आधी इतरांशी बोलते, मग स्वतःशी मोठ्याने, आणि शाळेच्या वयात तेच बोलणे हळूहळू आत उतरते. चित्र काढायला बसलेल्या मुलांना हवी ती पेन्सिल मुद्दाम मिळू दिली नाही, तेव्हा त्यांची स्वतःशी बडबड जवळजवळ दुप्पट झाली. अडले, की तोंड सुटते. म्हणून चष्मा शोधताना आतून आईच्या आवाजात ''डोळे फुटलेत का, समोर तर आहे!'' असे ऐकू आले, तर दचकू नका. भाडेकरू जुना आहे, हलणार नाही. फक्त त्याला शेरे मारू देऊ नका, प्रश्न विचारायला लावा. ''शेवटचा कुठे काढला होतास?'' या एका प्रश्नाने माझा चष्मा तीनदा सापडला आहे, त्यातला एकदा फ्रिजमध्ये. शेऱ्यांनी एकदाही नाही.

सभेत बोलायचे असेल आणि पाय लटपटत असतील, तर 'मी' वर्ज्य. स्वतःला नावाने हाक मारावी. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये हे पडताळून पाहिले : भाषणाच्या तयारीत स्वतःशी नावाने बोलणाऱ्यांचे भाषण 'मी मी' करणाऱ्यांपेक्षा चांगले झाले आणि नंतरची चुटपुटही कमी राहिली. ज्या भाषेत अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते आणि रामदास मनालाच समोर बसवून दोनशे पाच श्लोक ऐकवतात, त्या भाषेच्या लोकांना हे मिशिगनहून कळावे, याचे थोडे वाईट वाटते. मात्र हा उपाय मनातच करावा. लिफ्टमध्ये स्वतःला नावाने दटावताना मला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ऐकले आहे, आणि हल्ली त्या जिन्याने जातात.

काहींच्या आत मुळी कुणी बोलतच नाही. योहाने नेडरगार्ड आणि गॅरी लुप्यान यांनी अशा मंडळींची २०२४ मध्ये परीक्षा घेतली. शब्द लक्षात ठेवणे आणि यमक ओळखणे यांत ती मागे पडली, पण एका कामावरून दुसऱ्यावर वळण्यात मुळीच नाही. काहींनी सांगितले, की एका प्रकारच्या कामाला आपण एक बोट टेकवतो आणि दुसऱ्या प्रकारच्या कामाला दुसरे. त्यावरून सुचलेली रीत अशी : दर शिट्टीला काडेपेटीतली एक काडी काढून ओट्यावर ठेवायची. मग विजेच्या बिलाबद्दल कितीही सविस्तर बोलता येते. काड्या मात्र ओल्या ओट्यावर ठेवू नयेत.