उत्तर न ऐकता फोन ठेवणारे

“ताई, तुमचं नेट चालू आहे का जी? आमचं नुसतं गोल गोल फिरून राहिलं.”

“चालू आहे. लाईन आत्ताच आली ना वहिनी, तुमचा राउटर उठत असेल अजून.”

“उठला न जी, हिरवा दिवा लागला. पोरगा म्हणते, डीएनएस गेला. आता हा कोन गेला, बाप्पा?”

वहिनींनी प्रश्न बरोबर माणसाला विचारला. माझी सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यातली बरीच चौकशीच्या टेबलावर. लोकांनी १९७ फिरवायचं, नाव सांगायचं, मी नंबर सांगायचा. आता माझा भाचा नागपूरला इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे. दिवाळीला बालाघाटला आला की त्याच्या धंद्यातल्या भानगडी मला सांगितल्याशिवाय त्याला फराळ गोड लागत नाही. मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि कुंपणाला टेकले.

“गेलं कोणी नाही. डीएनएस म्हणजे इंटरनेटचा १९७. तुम्ही नाव टाकता, यंत्राला लागतो नंबर. तुमचा फोन आधी तुमच्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. त्याच्याजवळ नसला तर तो वर विचारतो. अगदी वर बसलेत ते मूळ सर्व्हर. ए ते एम अशी तेरा अक्षरं, तीच त्यांची नावं. बारा संस्था ते चालवतात.”

“तेराच? साऱ्या दुनियेले?”

“नावं तेरा. प्रती जगभर दीड हजारांच्या वर. आपल्याकडे २००५ मध्ये मुंबई, नोएडा आणि चेन्नईला बसवल्या. पण त्यांना येतं किती? एवढंच, की ‘डॉट इन’वाले कुठे बसतात, ‘डॉट कॉम’वाले कुठे बसतात. पुढचं त्यांना जाऊन विचारा. आपलं देवनागरीतलं ‘डॉट भारत’ धरून अशी शेवटची नावं सगळी मिळून दीड हजाराच्या आसपास. अख्खी यादी दोन-अडीच मेगाबाइटची. तुमच्या जाऊबाई रोज सकाळी फुलांचा व्हिडिओ पाठवतात ना, तो याहून मोठा असतो.”

“तिचं नावच नका काढू.”

(जाऊबाईंचं प्रकरण मग बरंच चाललं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

परत विषयावर आलो तेव्हा मी सांगितलं, की मूळ सर्व्हरचं उत्तर दोन दिवस चालतं. ‘डॉट इन’वाले कुठे, हे एकदा विचारलं की तुमच्या कंपनीच्या सर्व्हरने ते लिहून ठेवायचं आणि दोन दिवस पुन्हा वरचं दार वाजवायचं नाही. गावात बूढीपासून भटेऱ्यापर्यंत साऱ्या घरांतली पोरं रात्रभर मोबाइल बघत बसली तरी त्यापायी वर जायचं कारण नाही.

“मग वरच्याले काम काय उरते?”

“तीच तर गंमत. काम नाही, आणि सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी ४ ऑक्टोबर २००२ ला एफ नावाच्या सर्व्हरपाशी आलेले सगळे प्रश्न मोजले. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोची ती एकच प्रत, एकच दिवस, १५ कोटींवर प्रश्न. त्यातले ९८ टक्के बिनकामाचे.”

“शंभरातले अठ्ठ्याण्णव?”

“दोनच कामाचे. सत्तर टक्के तर तेच तेच, पुन्हा पुन्हा विचारलेले. बारा टक्के अशा नावांचे जी जगात नाहीतच. ‘डॉट लोकलहोस्ट’, ‘डॉट कॉर्प’, एक तर ‘डॉट एल्विस’. हा एल्विस म्हणजे अमेरिकेतला गाणारा, १९७७ मध्ये वारला बिचारा. आणि सात टक्के सगळ्यांवर कडी. त्यांनी नावाच्या जागी नंबरच दिलेला. म्हणजे मला १९७ ला फोन करून कोणी म्हणावं, ‘बाई, २३४५ चा नंबर काय हो?’”

वहिनी हसून हसून कुंपणावर वाकल्या. पण मला हसू येतं ते सत्तर टक्केवाल्यांचं, कारण त्यांचं कारण कळलं तेव्हा मला माझे जुने गिऱ्हाईक आठवले. १९७ ला फोन करायचा, नाव सांगायचं आणि मी डिरेक्टरीचं पान उलटेपर्यंत रिसीव्हर ठेवून द्यायचा. दोन मिनिटांनी पुन्हा तोच आवाज, तेच नाव. तसंच यंत्रांचं होतं. कुठल्याशा कार्यालयात फायरवॉल, म्हणजे जाळ्याच्या दारावरचा पहारेकरी, बसवणारा माणूस प्रश्नाला बाहेर जायची वाट ठेवतो आणि उत्तराला आत यायची बंद करतो. आतलं यंत्र विचारतं, उत्तर येतं, दारावर अडतं. यंत्राला वाटतं ऐकलं नाही वाटतं कोणी, ते पुन्हा विचारतं. सेकंदासेकंदाला, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. माझे गिऱ्हाईक निदान जेवायला तरी जात.

“आणि ते बसवणाऱ्याले समजत नाही?”

“कसं समजणार? त्याचं काही अडत नाही. यंत्राजवळ दुसरीकडून उत्तर मिळवायची सोय असते, नेट चालतं. बिल येत नाही, दंड नाही. विचारायला पैसे पडत नाहीत, वहिनी, हेच सगळं दुखणं. २००८ मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हाही चित्र जवळपास तेच निघालं.”

यानंतर मी क्रोम ब्राउझरची गोष्ट काढली. तीच खरी सांगण्यासारखी आहे, कारण त्यात चूक झाली ती चांगल्या हेतूने.

पार २००३ पासून सुरुवात. तुम्ही नाव चुकीचं टाकलं तर नियमाने उत्तर यायला हवं: असं नाव नाही. पण काहींना वाटलं, चुकलेल्या माणसाला आपल्याच पानावर का नेऊ नये, जाहिराती दाखवता येतील. ‘डॉट कॉम’ची यादी ज्या व्हेरिसाइन कंपनीकडे आहे, तिने १५ सप्टेंबर २००३ ला ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’मधल्या प्रत्येक चुकलेल्या नावाला आपल्या साइट फाइंडर नावाच्या पानाकडे वळवलं. जगभर बोंब झाली. नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने दम दिला, तेव्हा ४ ऑक्टोबरला ते बंद पडलं. पण इंटरनेट पुरवणाऱ्या कितीतरी कंपन्यांनी तो धडा उलटाच घेतला आणि आपापल्या गिऱ्हाइकांपुरतं तेच सुरू ठेवलं.

“भारीच लबाड जी!”

“आता क्रोमची अडचण ऐका. त्याच्या पट्टीत तुम्ही एकच शब्द टाकला, समजा ‘चिन्नोर’. तुम्हाला तांदळाविषयी शोधायचंय, की तुमच्या ऑफिसात ‘चिन्नोर’ नावाचं यंत्र आहे? क्रोम डीएनएसला विचारून बघतो. पण कंपनीचा सर्व्हर लबाड असला, नसलेल्या नावालाही हो म्हणत असला, तर? म्हणून क्रोम आधी त्याची परीक्षा घेई. सात ते पंधरा अक्षरांची, काहीही अर्थ नसलेली तीन नावं बनवी आणि विचारी. त्यांतल्या दोघांना जरी एकच उत्तर आलं, की समजायचं, हा खोटं बोलतोय.”

“हुशार आहे.”

“हुशारच. पण ही परीक्षा संगणकावरचा क्रोम सुरू झाला की होई, आणि जोडणी बदलली की पुन्हा होई. पावसाळ्यात आपल्याकडे लाईन किती वेळा जाते? राउटर उठला की तीन प्रश्न. आणि नाव दर वेळी नवं, म्हणून लिहून ठेवलेल्या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. प्रश्न थेट वरपर्यंत. मूळ सर्व्हर आपले प्रत्येकाला सांगताहेत, नाही बाबा, ठघझळढणफ नावाचं कोणी इथे राहत नाही.”

“किती असे होत असतील?”

“ऑगस्ट २०२० मध्ये मॅथ्यू थॉमस नावाच्या अभियंत्याने हिशेब मांडला. रोजचे सुमारे ६,००० कोटी. मूळ सर्व्हरकडे येणाऱ्या साऱ्या प्रश्नांतले जवळपास निम्मे. दहा वर्षांहून अधिक काळ हे चाललं होतं. आणि हा थॉमस कुठला? व्हेरिसाइनचा! ए आणि जे हे दोन मूळ सर्व्हर तीच कंपनी चालवते.”

वहिनींनी तोंडावर पदर धरला. चुकलेल्यांना फसवायची वाट ज्या घराने सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर दाखवली, त्याच घराच्या दारात फसवणूक तपासणाऱ्यांची रांग येऊन उभी राहिली. असा न्याय आमच्या मोहल्ल्यात क्वचितच पाहायला मिळतो. थॉमसचं म्हणणं असं, की ही गर्दी दुसरीकडून आली असती तर कोणीही तिला हल्लाच समजलं असतं.

दुरुस्ती मात्र चटकन झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये क्रोमची ८७ वी आवृत्ती आली, तिच्यात ही सवय काढून टाकली. आधी मूळ सर्व्हरांवर मिळून रोज १४,३०० कोटींपर्यंत प्रश्न येत, ते काही आठवड्यांत ८,४०० कोटींवर उतरले. ४१ टक्के गर्दी गेली आणि जगात कोणाचं एक पान उघडायचं राहिलं नाही.

“म्हणजे आता आमचं नेट फास्ट व्हाले पाहिजे होतं.”

“नाही हो. तुमचं नेट हळू आहे ते तुमच्या कंपनीमुळे, नाहीतर तुमच्या पोराच्या गेममुळे. मूळ सर्व्हर ही गर्दी सोसतात, कारण ते त्याहून मोठ्या हल्ल्यांच्या तयारीने बांधलेत. २१ ऑक्टोबर २००२ ला तेराही सर्व्हरांवर एकदम हल्ला झाला होता. पण सोसायला यंत्रं लागतात, वीज लागते, माणसं लागतात. तो खर्च विचारणाऱ्याच्या खिशातून जात नाही, एवढंच.”

मग मी त्यांना कैद्याचं सांगितलं. आपल्या घरच्या राउटरचा नंबर १९२.१६८ ने सुरू होतो. तो घरापुरताच, बाहेर त्याला काही अर्थ नाही. आपल्या मोहल्ल्यात शंभर घरांत तोच असेल. तरीही घरातली यंत्रं बाहेर विचारत सुटतात, १९२.१६८.१.१ हा कोण? हे प्रश्न मूळ सर्व्हरांवर पडू नयेत म्हणून जगभरच्या स्वयंसेवकांनी वेगळे सर्व्हर मांडलेत. त्यांचं काम एकच, नाही म्हणणं. या व्यवस्थेला एएस११२ म्हणतात, आणि त्यातल्या एकाचं नाव खरोखरच ‘प्रिझनर’ आहे. बाकीच्या दोघांचं नाव ‘ब्लॅकहोल’.

“कैदी! कोनाच्या घरचे प्रश्न, आन् कोन कैदेत!”

आणि काही नावं या बिनकामाच्या चौकशांनी कायमची बाद केली. लोक आपल्या कार्यालयाच्या आतल्या जाळ्याला मनाने ‘डॉट होम’, ‘डॉट कॉर्प’ अशी नावं ठेवत, आणि तिथले प्रश्न बाहेर गळत. २०१२ मध्ये आयकॅनने नवी नावं विकायला काढली तेव्हा या नावांसाठीही अर्ज आले, एका अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर. पण ‘डॉट होम’ उद्या खरंच सुरू झालं, तर आजवर वाया जाणारे ते सारे प्रश्न एखाद्या परक्या माणसाच्या हाती पडतील. २०१८ मध्ये आयकॅनने ठरवलं, की ‘डॉट होम’, ‘डॉट कॉर्प’ आणि ‘डॉट मेल’ कोणालाच द्यायची नाहीत.

वहिनींना एवढ्यात आठवलं, की त्यांचे दीर वारासिवनीकडच्या राइस मिलांमध्ये कॉम्प्युटर जोडून देतात. “त्याईले सांगू का जी काही?”

सांगा. आणि हे वाचणाऱ्यांत कोणी शाळेचं, पतसंस्थेचं, मिलचं नेटवर्क लावत असेल तर त्यालाही माझं हेच सांगणं. आतल्या जाळ्याला मनचं नाव ठेवू नका. जुलै २०२४ मध्ये आयकॅनने ‘डॉट इंटरनल’ हे नाव खास याच कामासाठी राखून ठेवलंय, ते वापरा. १९२.१६८ चे प्रश्न आतल्या आत मिटवा. आणि फायरवॉल लावताना डीएनएसचा प्रश्न बाहेर जाऊ देत असाल, तर त्याचं उत्तरही आत येऊ द्या.