बघणारे सात, उठणारी एक

स्मृतिभ्रंश झालेल्या आईच्या खोलीत कॅमेरा बसला की घरात सगळ्यात आधी काय सुधारतं? न्यू जर्सीतल्या मुलाची झोप. पाठोपाठ सिंगापूरच्या मुलीची. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत निजणाऱ्या सुनेची झोप मात्र होती तेवढीही उरत नाही. पूर्वी सासूबाई पहाटे तीनला उठून बसल्या की ते फक्त तिला कळायचं. आता ती उठली की नाही, तेही सगळ्यांना कळतं.

ॲपची सोय अशी की एका कॅमेऱ्याला अख्खं गोत जोडता येतं. मुलगा, मुलगी, जावई, कॉलेजातला नातू आणि ‘मला पण लिंक पाठव गं’ म्हणणारी मावशी. असं करत करत बघणारे झाले सात. मग ग्रुपवर एकाचा मेसेज येतो, ‘सकाळची गोळी दिलेली दिसली नाही.’ दुसरीला चादर कालचीच वाटते. तिसऱ्याच्या मते आजींना सांभाळायला ब्युरोतून आलेली बाई फोनवर फार बोलते. आजारी माणसावर लक्ष ठेवायला घेतलेलं यंत्र महिनाभरात आजाऱ्याचं करणाऱ्यांवर लक्ष ठेवू लागतं. आजार आजींना आणि हजेरी सुनेची!

‘लासी-डॅड’ नावाच्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज निघाला, त्यानुसार देशातल्या साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, डिमेन्शिया आहे. त्यांच्यामागे अर्धवट झोपणारी माणसं या आकड्यात धरलेली नाहीत. त्यांच्यापर्यंत पाहणीवाले पोचले नाहीत तरी विक्रेते बरोबर पोचले आहेत. जाहिरात ठरलेली असते. पांढऱ्या केसांच्या हसऱ्या आजी, हातात चहाचा कप, खाली ‘निश्चिंत राहा’. कुणी निश्चिंत राहायचं, हे त्यात लिहिलेलं नसतं. पैसे भरणाऱ्याने, दुसरं कोण?

आता या कॅमेऱ्याला तोंडही फुटलं आहे. दिवेलागणीला डिमेन्शियाच्या पुष्कळ रुग्णांची घालमेल वाढते. ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, तेही चाळीस वर्षं राहिलेल्या घरात. त्या वेळी न्यू जर्सीत सकाळ असते. चिरंजीव ऑफिसला निघता निघता बटण दाबून सांगतात, ‘आई, खाली बस, पडशील!’ आईला मुलाचा आवाज ओळखू येतो, पण मुलगा कुठे आहे ते कळत नाही. ती बसत नाही, त्याला शोधायला लागते. पडद्यामागे बघते, कपाट उघडते आणि मग बाथरूमच्या ओल्या फरशीकडे वळते. पडू नये म्हणून बसवलेल्या यंत्राने पडायची वाट दाखवली! डॉक्टरमंडळींना एक विनंती. ‘भिंतीतून कुणीतरी बोलतं’ अशी तक्रार आली, तर भासाची गोळी लिहिण्याआधी घरात स्पीकर आहे का ते विचारा. आजी कदाचित खरं सांगत असतील.

ब्युरोची बाई तर दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्याला न दिसणारा कोपरा शोधून काढते. आपल्याला वाटतं, कामचुकार. पण ती त्या कोपऱ्यात बसून आजींना हाताने दहीभात भरवत असते, कारण समोर भरवला तर भिंत म्हणते, ‘मावशी, चमचा घ्या.’ डायपर बदलायलाही ती तिकडेच नेते. सात जणांसमोर साडी फेडली जाऊ नये, ही काळजी घरात एकटीलाच वाटते आणि तीही बाहेरची.

कायद्याकडे बघण्यात अर्थ नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माणसाने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. म्हणजे मॉलने तुमचा मोबाइल नंबर घेतला तर संमतीचा सोपस्कार आणि आईच्या पलंगावर कॅमेरा रोखला तर ती घरातली बाब. खरं तर आईला विचारायचं ते आजाराच्या सुरुवातीला, तिला हो-नाही नीट सांगता येत असताना. तेव्हा विचारलं असतं तर तिने विचारपूर्वक सांगितलं असतं, ‘दाराला लाव, न्हाणीघरात नको.’ पण तेव्हा आपण ‘आईला काय झालंय? वय झालं, विसरते जरा’ म्हणत होतो. तिचं हो-नाही कळेनासं झालं की मग एकमताने ठराव मंजूर होतो.

यंत्रांवर माझा सरसकट राग नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ ज्यांनी पाहिला, त्यांना मोहन आगाशेंचे अप्पा आठवत असतील. संस्कृतचे गाढे पंडित आणि अल्झायमर झालेले. मुलगी त्यांना गाडीत बसवून जरा दूर जाते आणि ते रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात. अप्पांच्या खिशात जीपीएस असता तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता आणि मुलीचा जीव असा टांगणीला लागला नसता. चांगलंच झालं असतं. पण नकाशावरच्या निळ्या ठिपक्याने अप्पांना जेवू घातलं नसतं. ते माहुताच्या बायकोने केलं. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रत्यक्षातल्या अशा बायकांना ब्युरो कमिशन कापून पगार देतो.

उपयोगी पडणाऱ्या वस्तू बहुधा मुक्या आणि स्वस्त असतात. दार उघडलं की वाजणारा चुंबकाचा सेन्सर, पलंगावरून पाय खाली टेकताच बाथरूमपर्यंत उजळणारा दिवा, गॅस बंद करणारी झडप, गळ्यात नातेवाइकाच्या नंबराचं लॉकेट. यातलं काहीच ‘लाइव्ह’ दिसत नाही, म्हणून अमेरिकेहून कुणी पाठवत नाही. तिकडून येतं ते पडल्याचं ओळखणारं घड्याळ. ते वरचेवर चार्ज करावं लागतं आणि त्याहून आधी आजींनी ते हातात ठेवावं लागतं. आजी ते काढून तांदळाच्या डब्यात घालतात. घरातले दागिने पूर्वी तिथेच असायचे, त्यामुळे घड्याळाच्या किमतीचा अंदाज त्यांना अजून आहे असं म्हणायला हरकत नाही. आणि वायफायवर चालणाऱ्या सगळ्या सरंजामाला पुण्यात एक साप्ताहिक सुट्टी असते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की राउटर झोपतो. त्या दिवशी आजींनी भटकू नये, अशी महावितरणची अपेक्षा असावी. दाराच्या कडीला बांधलेलं घुंगरू गुरुवारीही वाजतं.

पण कॅमेरा घेतलाच आहे, तर त्याचा एक खरा उपयोग आहे आणि तो माहितीपुस्तिकेत नाही. पुण्यात पहाटेचे तीन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच असतात. लख्ख उजेड, मुलगा टक्क जागा. रात्री अकरा ते पहाटे पाचची पाळी त्याने तिथून सांभाळावी. रात्रीपुरती सगळी नोटिफिकेशन्स फक्त त्याच्या फोनवर जावीत, सुनेचा फोन गप्प असावा. आई नुसती कूस बदलते आहे, की पाणी पिते आहे, की खरोखर दाराकडे निघाली आहे, हे त्याने बघावं आणि तिसरी गोष्ट असेल तरच फोन करून उठवावं. दहातल्या आठ वेळा उठवावं लागणार नाही, असं मी पैजेवर सांगतो. खर्च शून्य, सेटिंग दोन मिनिटांचं.

एका घरात हा प्रस्ताव खरोखर ग्रुपवर मांडला गेला. सुनेने स्वतः टाइप केला, शेवटी ‘चालेल का?’ असंही लिहिलं. सहा अंगठे आले, मावशींनी जोडलेले हात पाठवले. मग खासगीत न्यू जर्सीहून उत्तर आलं.

‘वहिनी, आयडिया मस्त आहे. पण साडेपाचला माझं जिम असतं.’