पत्र्याआडचे इंजिनिअर

गिरगावात मेट्रोचे पत्रे लागले आणि रिटायर झालेल्या नानांना पुन्हा नोकरी लागली. पगार नव्हता, पण हजेरी चोख. दुधाची पिशवी घरात टाकली की नाना पत्र्याच्या फटीशी उभे. फट रुंद कुणी केली, हे विचारायचं नसतं. कफ परेड ते आरे या ३३.५ किलोमीटरच्या मार्गावर जिथे जिथे पत्रे होते, तिथे तिथे एकेक नाना होता.

“काल आम्ही चांगलेच आत गेलो,” चहा पिता पिता नाना सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, पहार यांच्याच हातात होती. “गिरगावात वरून रस्ता फोडून स्टेशन कसं बांधणार? चाळी कुठे ठेवायच्या? म्हणून आम्ही नॅटम लावलं. आधी एक विहीर, मग खालच्या खाली आडवं कोरत जायचं!” ही ऑस्ट्रियन पद्धत नानांनी पिवळ्या हेल्मेटवाल्या एका पोराकडून ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच समजावून सांगितली. पोरगं सुसंस्कृत होतं. “हो काका,” म्हणालं.

मेट्रोच्या सतरा बोगदायंत्रांना नद्यांची नावं होती. नाना माहेरवाशिणींची करावी तशी त्यांची चौकशी करत. “कृष्णा पोचली का दादरला?” “तानसाचं काय अडलंय?” घरी वहिनी म्हणत, “स्वयंपाकघरातला नळ गळतोय, त्याचीही विचारपूस करा. हवं तर त्याला भीमा म्हणा.”

२०१७ साली उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईतलं रात्रीचं काम थांबवलं. आवाज बंद झाल्यामुळे लोक झोपले आणि नाना जागे राहिले. “काम कुठे रखडलंय कळल्याशिवाय झोप कशी लागेल?” पुढच्या वर्षी परवानगी मिळाली तेव्हा नाना आवाजाच्या नावाने शिव्या घालणाऱ्या चाळीत एकटेच घोरत होते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी महालक्ष्मीला शेवटचं, बेचाळिसावं भुयार फुटलं. नानांनी पेढे वाटले. कशाचे, हे चाळीला दोन दिवस कळलं नाही. नातू झाला असावा, असं बहुमत पडलं.

२६ मे २०२५च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. त्या दिवशी नानांना चहाच्या टपरीवर कुणीतरी छेडलं. नाना थंडपणे म्हणाले, “काय बांधलंय यांनी!” पाणी उपसलं गेलं, स्टेशन पुन्हा सुरू झालं, तेव्हा मात्र “आम्ही आवरलं बघा झटक्यात.”

९ ऑक्टोबरला गाडी कफ परेडपर्यंत धावू लागली आणि नानांवर आभाळ कोसळलं. पत्रे निघाले. खाली उतरावं तर फलाटाला छतापर्यंत काचेचे दरवाजे, वाकून रूळ बघायची सोय नाही. गाडीच्या खिडकीबाहेर नुसता काळोख. शिवाय भाडं. “इतकी वर्षं फुकट बघितलं, आणि आता या टोकापासून त्या टोकापर्यंत सत्तर रुपये?”

पण देव दयाळू. सुरुवातीला भुयारात मोबाइलला रेंजच नव्हती. अख्खा डबा रिकाम्या नजरेने बसलेला, आणि मध्ये नाना. “हे जगन्नाथ शंकरशेट स्टेशन. मुंबईत पहिली आगगाडी आणण्यात या माणसाचा हात होता. पुढे महालक्ष्मी, तिथे तानसा बाहेर पडली. आपण दादरहून निघून धारावी ओलांडली की मिठी नदी डोक्यावरून जाते, घाबरू नका.” कुणी घाबरलेलं नसतं. एक मुलगा मात्र फोन खिशात ठेवून खरंच ऐकू लागला, आणि वरळी गेल्यावर त्याला आठवलं की उतरायचं अत्रे चौकाला होतं.

“काका, आता सगळं बांधून झालं. तुम्ही काय करणार?” त्याने विचारलं.

नानांनी डबाभर नजर फिरवली. “झालं? ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह मोटारींचा बोगदा निघालाय. आपल्या या मेट्रोच्याही खालून जाणार. म्हणजे तू आत्ता बसलायस तो वरचा मजला.”