बडोद्याच्या गाडीचा रवंथ

डिझेल गाडीचा पिकअप मेला की बडोद्यात एकच औषध सांगतात: दुमाड चौकडीवरून एक्सप्रेसवेला लावा आणि अहमदाबादपर्यंत दामटून या. 93 किलोमीटरचा सरळसोट रस्ता. आत साचलेली काजळी म्हणे जळून जाते. सल्ला देणारे भले असतात, आणि बहुधा त्यांचं अहमदाबादेत काहीतरी काम असतं. यात्रेनं पाप जळतं या जुन्या श्रद्धेचीच ही मोटार-आवृत्ती आहे. श्रद्धा पूर्ण खोटी नाही. ती गाडीच्या एका नळीला लागू पडते, दुसरीला पडत नाही. तक्रार मात्र बहुतेक वेळा दुसरीचीच असते.

हे पटण्यासाठी अहमदाबादला न जाता हवेबरोबर गाडीच्या आतला प्रवास करायला हवा. अंतर दोन-तीन मीटर, टोल नाही. रावपुऱ्यातली हवा एअर फिल्टरच्या दारातून आत शिरते. धूळ, पानांचा चुरा आणि एखादा डास बाहेरच राहतो. पुढे टर्बो तिला लग्नसराईतल्या एसटीसारखी कोंबतो. कोंबली की ती तापते, म्हणून इंटरकूलरमध्ये तिला गार करतात. इथवरचा प्रवास सुखाचा. मग येतो मॅनिफोल्ड. ज्यानं मांडवी पाहिली आहे त्याला मॅनिफोल्ड समजावून सांगावा लागत नाही. मांडवीपासून चार रस्ते लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडे फुटतात. इथे दरवाजांच्या जागी चार सिलिंडर. आणि मांडवीसारखीच इथेही समोरून गर्दी अंगावर येते. ही गर्दी म्हणजे गाडीचाच धूर, एकदा जळून बाहेर पडलेला आणि ईजीआर नावाच्या झडपेतून परत आत धाडलेला. त्यात इंजिनाच्या पोटातून, म्हणजे क्रँककेसमधून, तेलाची वाफ येऊन मिसळते. घरचं काजळ कसं करत ते आठवा: दिव्यावर वाटी धरून काजळी जमवायची आणि तिच्यात तूप किंवा एरंडेल कालवायचं. नुसती काजळी फुंकरीनं उडते, नुसतं तेल ओघळून जातं. दोन्ही एकत्र आली की धुतल्यानंही निघत नाहीत. गाडी आपल्या घशात वर्षानुवर्षं काजळ घालत असते. मनगट जाईल एवढ्या वाटेची शेवटी करंगळी जाईल एवढी होते.

धूर परत आत घ्यायचाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सिलिंडरमध्ये फार आच झाली की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटतात आणि छातीला बाधणारे वायू तयार होतात. थोडा धूर मिसळला की ऑक्सिजन कमी पडतो, आच उतरते, ते वायू कमी होतात. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे या वायूंची जी मर्यादा भारत स्टेज 4 मध्ये 0.25 ग्रॅम होती, ती 1 एप्रिल 2020 पासूनच्या भारत स्टेज 6 मध्ये 0.08 वर आली. थोडक्यात, गाडीनं खाल्लेलं पुन्हा चघळावं अशी सरकारी व्यवस्था आहे. बडोदे संस्थानाला रवंथ करणारं इंजिन नवं नाही म्हणा. खंडेराव गायकवाडांच्या काळात, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी निघाली, ती ओढायला बैलच होते. फरक एवढाच की बैलाचा घसा रवंथानं तुंबत नाही. यावर गॅरेजात एक तोडगा कुजबुजत मिळतो: झडपेसमोर पत्रा ठोकून तिचं तोंडच बंद करा. घसा स्वच्छ राहील, कबूल. पण आपल्या नळीतली घाण काढून शेजाऱ्याच्या फुप्फुसात टाकण्याला सफाई म्हणत नाहीत. शिवाय ही चोरी गाडीला पचत नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

आता एक्सप्रेसवेची बाजू. काजळी हवेत पेटायला साधारण 550 ते 600 अंश लागतात. धूर बाहेर जातो त्या नळीत गाडी दामटल्यावर बरीच आच होते, आणि नव्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर जो काजळीचा फिल्टर असतो तो अशा प्रवासात खरोखर जळून मोकळा होतो. म्हणून परतल्यावर गाडी हलकी वाटते, आणि ती हलकी झालेलीही असते. पण मॅनिफोल्ड आहे आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर. इंटरकूलरनं गार केलेली हवा आणि थोडा धूर मिळून तिथे फार तर शंभर-दीडशे अंश भरतात. एवढ्या आचेवर भजी तळून निघायची नाहीत, काजळी कुठली जळते? जोरात पळताना ईजीआरची झडप बहुतेक मिटलेली असते, त्यामुळे नवा थर बसत नाही, हे यात्रेचं खरं पुण्य. जुना थर मात्र अहमदाबादचं दर्शन घेऊन जसाच्या तसा घरी येतो. मग फिल्टर मधेच ही काजळी का पकडत नाही? कारण बऱ्याच गाड्यांत परतीचा धूर फिल्टरच्या अलीकडूनच उचललेला असतो. टाकीत औषधाची बाटली ओतणारे आणखी दूर चुकतात. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, तेव्हा सिंगतेलाच्या मुलखात टाकीत काहीबाही ओतण्याचा मोह समजू शकतो. पण टाकीतलं डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, मॅनिफोल्डच्या वाटेला ते जातच नाही. काशीचा निरोप पंढरपूरच्या वारकऱ्याकडे देण्यातलाच हा प्रकार.

उरतो हात. सयाजीरावांनी 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन काढलं ते हाताला विद्या यावी म्हणून, आणि या कामात हाताशिवाय गती नाही. होजपाइप सोडवायचे, झडप आणि मॅनिफोल्ड उतरवायचे, भिजत घालायचे, खरवडायचे, धुऊन कोरडे करायचे, आणि तोवर इंजिनाची उघडी तोंडं फडक्यानं झाकायची. खपलीचा एक कडक तुकडा आत गेला तर सफाईचं बिल दुरुस्तीचं होतं. चालू इंजिनात नळीतून फवारा मारून भागवता येतं, म्हणतात. कोवळ्या थराला थोडं भागतंही. पण थर जाड असेल तर तो सैल होऊन एकदम सुटतो. आणि पातळ द्रव किंवा इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल एका दमात आत ओढलं गेलं, तर डिझेल इंजिन त्यावरच पळायला लागतं. त्याला ठिणगी लागत नाही, त्यामुळे किल्ली तुमच्या खिशात आणि इंजिन स्वयंभू, असा देखावा होतो. त्याची हवा कोंडल्याशिवाय ते थांबत नाही.

खर्च वाटतो, हा शेवटचा आक्षेप. वाटणारच, पण थर कुठे वाढतो ते पाहा. दांडिया बाजारातून न्यायमंदिरापर्यंत, सूरसागरला वळसा घालून परत, इंजिन धड तापायच्या आत बंद. कमी वेगात, कमी ओझ्यावर झडप सर्वांत जास्त उघडी असते, म्हणजे धूर सर्वांत जास्त परततो. अहमदाबादची वारी वर्षातून एकदा आणि भाकरवडीची वारी रोज, हे गणित घशाला झेपत नाही. मॅनिफोल्ड बसवताना गास्केट नवीच घाला. आणि मांडवीला चालत जा. तिथे गाडी लावायला जागा तशीही मिळत नाही.